नाताळची मिस्सा गूगल फॉर्मवर: चर्चचं हे बरोबर होतं का?

पानवेल
कोरोनातला हा २०२० चा नाताळ उरकला, आता डोकं जरा थंड झालंय म्हणून लिहितो. राहायला वसईत, धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीचं, नाव मुद्दाम टाकत नाही, फादरांशी माझं भांडण नाहीये. सरकारचा नियम होता की चर्चमध्ये ५० च्या वर माणसं नकोत, साठीपुढच्यांनी आणि दहाच्या आतल्या पोरांनी घरीच थांबावं, त्यात २२ डिसेंबरपासून रात्री ११ नंतर संचारबंदी. मान्य. पण आमच्याकडे मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, त्या ५० जागांचं बुकिंग गूगल फॉर्मवर! लिंक आली आणि मी गच्चीवरून खाली येईपर्यंत सगळ्या मिस्सा फुल्ल. ज्यांच्या घरात कॉलेजातली पोरं मोबाईल हातात धरूनच बसलेली असतात त्यांचं काम झालं, बाकीच्यांना यूट्यूब. आमच्या शेजारची आजी, सकाळची मिस्सा कधी चुकवायची नाही, ती नवं लुगडं नेसून मुलाच्या मोबाईलपुढे बसली आणि नेमकं कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर देतात तेव्हा, स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं ते फादरांचा आशीर्वाद होईपर्यंत फिरतच राहिलं.
माझं म्हणणं एवढंच की दार बंद ठेवलं ते ठेवलं, पण कॅमेरा, साउंडवाला, लायटिंग यासाठी जेवढी पळापळ केली तिच्या निम्मी म्हाताऱ्यांच्या घरी कम्युनियन पोचवायला का नाही केली? फादरांच्या मदतीला कम्युनियन द्यायला विशेष सेवक नेमलेत ते कशाला मग?

नाइटड्युटी
पानवेल, राग येईल पण बोलते. मी नर्स आहे, वर्षभर कोविड वॉर्डात काढलंय. तुम्ही म्हणता ते म्हणजे एक माणूस एका सकाळी पंधरा घरांत जाणार, प्रत्येक घरी सत्तरीचं माणूस मास्क खाली करून तोंड उघडणार. साथ पसरवायची तर अजून काय करावं लागतं? आणि चर्चचं दार लावण्यात कमीपणा कसला, खुद्द पोपसाहेबांनी २४ तारखेची मिस्सा संध्याकाळी साडेसातला केली, इटलीत दहाला कर्फ्यू म्हणून. वसईची आजी व्हॅटिकनपेक्षा मोठी का?

पानवेल
आमच्यासाठी आहे मोठी 🙂 आणि तोंड कशाला उघडायला पाहिजे, हातावर द्या ना, आता सगळीकडे हातावरच देतायत. दारातून द्यायचं, दोन मिनिटांत पुढच्या घरी. दूधवाला रोज येतोच की.

केळीची_वाडी
तुम्ही दोघं मिस्सावर अडकलात, इथे लोकांच्या चुली अडकल्यात. उत्तर वसईतली कितीतरी घरं दादरच्या बाजारावर चालतात, फुलं, भाजी, केळी. लोकल २३ मार्चला बंद. जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवावाल्यांना. बायकांना दुपारची नि रात्रीची मुभा २१ ऑक्टोबरला, म्हणजे पहाटेचा बाजार गेलाच, आणि गड्यांना तर आज डिसेंबर संपत आला तरी नाही. टेम्पोचं भाडं देऊन मोगऱ्यात काय उरणार? त्यात देवळं बंद, हार घेणार कोण. १६ नोव्हेंबरला पाडव्याला देवळं उघडली तेव्हा आमच्या फुलांना गिऱ्हाईक दिसलं. वसईतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याएवढी देवळं उघडायची वाट कोणी पाहिली नसेल, हे कुठल्या पेपरात छापून नाही आलं.
आता मुद्दा. आमच्याकडे किट वाटली, तांदूळ, डाळ, तेल, साबण. चांगलंच केलं. पण यादी काढली धर्मग्रामाच्या रजिस्टरमधून. चाळीत भाड्याने राहणारे, बांधकामावरचे, ते रजिस्टरमध्ये कसे येणार? विचारलं तर उत्तर, आधी आपले. अहो, नाताळचं प्रवचन कोणावर असतं, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यावरच ना?

नाइटड्युटी
यावर मात्र शंभर टक्के सहमत.

आळीचा_राजा
मी नाही सहमत. किटचे पैसे आले कुठून, गावातल्याच लोकांनी पाचशे-हजार काढून दिले. ज्यांनी दिले त्यांच्याच शेजारी उपाशी माणूस असेल तर आधी त्याला नको? त्याला लाज वाटते, तो रांगेत येत नाही, रजिस्टर आहे म्हणून तरी कळतं. दानधर्म फोटोत छान दिसतो, यादी करायला बसलात की कळतं.

केळीची_वाडी
राजा, कोणाचं नाव खोडायला सांगत नाहीये, यादीला खाली चार ओळी वाढवा म्हणतोय.

नगरी_पाव
अहमदनगरहून, आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे उपासना झूमवर झाली आणि प्रभुभोजनाला पाळकांनी सांगितलं की भाकर आणि द्राक्षरस ज्याने त्याने घरी तयार ठेवा. एका काकांनी मारी बिस्कीट आणि रसना घेतलं, सगळ्यांनी बघितलं, कॅमेरा चालू होता. चालतं का नाही यावर मंडळीत अजून वाद आहे. पण एक सांगू, तुमच्या फादरांना बिशपांचा धर्मप्रांत तरी बघतो. आमच्यासारख्या छोट्या मंडळीत पाळकाचं मानधन रविवारच्या दानातून, चर्च बंद म्हणजे थैली बंद, आणि तोच माणूस लोकांच्या घरी किराणा पोचवत फिरत होता. त्याची यादी कोणी केली?

पानवेल
हे डोक्यातच आलं नव्हतं. बिस्कीट आमच्यात चालायचं नाही हां पण.

गावठाण_बांद्रा
तुम्ही सगळे एक तर चर्चच्या आत नाहीतर मोबाईलच्या आत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा गावठाणांतल्या लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि तिथेच उघड्यावर प्रार्थना केली, त्यातले कितीतरी अजून उभे आहेत, मे महिन्यात लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायची प्रार्थना, होते तिथे. वसईत तर आळीआळीत क्रूस आहे. दहा माणसं, लांब लांब खुर्च्या, म्हाताऱ्यांना कोवळ्या उन्हात बसवा, लिंक नको की टोकन नको. विशेष सेवक तिथेच येऊन कम्युनियन देईल, घरात शिरायचा प्रश्नच नाही.

आळीचा_राजा
आणि दहाचे चाळीस झाले की पोलीस कोणाला उचलणार? तुम्हाला नाही, मला. क्रूस आमच्या कुंपणाला लागून आहे.

नाइटड्युटी
साठीच्या वरचे म्हटलं की मी नाहीच म्हणणार, पण बंद खोलीत बसून नातवंडांचा खोकला झेलण्यापेक्षा उघड्यावर बरं. मास्क नाकावर, गाणं एकानेच म्हणायचं, बाकीच्यांनी मनात. आणि लदीन झाल्यावर उकडलेले चणे वाटायचे नाहीत.

गावठाण_बांद्रा
चणे नाहीत तर लदीनला येणार कोण बाई

केळीची_वाडी
पुड्या बांधून द्या. दोन पुड्या जास्त बांधा, चाळीकडे मी नेतो.