बोअरच्या गाड्या म्हणे भंगारात!

अंबडचा फायबरवाला: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय, ‘१० किलोवॅटचा लेझर आला, आता बोअरच्या गाड्या आणि डायमंड कटर भंगारात.’ अहो, लेझरने पत्रा कापणं वेगळं, दगड वेगळा. आपला काळा पाषाण वितळायला साधारण १२०० अंश लागतात, म्हणजे घनसेंटीमीटरला ५ किलोज्यूलच्या आसपास. साडेसहा इंची बोअरचा एक फूट म्हणजे साडेसहा हजार घनसेंटीमीटर. सगळा प्रकाश दगडात मुरला तरी १० किलोवॅटला पाऊण तासाच्या वर लागेल. बोअरच्या गाडीचा हॅमर तेच काही मिनिटांत उरकतो.

गारगोटी: सगळं वितळवा असं सांगितलं कोणी? क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, ५७३ अंशांना रूप बदलतं, फुगतं, कपच्या आपोआप उडतात. ऊर्जा कितीतरी कमी लागते. सोयीचा हिशोब मांडलात.

अंबडचा फायबरवाला: ते वालुकाश्मात. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, क्वार्ट्झ पोकळ्यांत सापडेल तेवढंच. बाकीच्याची काच होते, ती भोकातच चिकटते आणि पुढचा किरण खाते.

कोअरकटर सिडको: काँक्रीटचं बोला. लेझरने सहा इंची स्लॅब कापताना खाचेतला वितळलेला रस बाहेर फेकायला हवेचा झोत लागतो, खोलवर त्याचा जोर मरतो. काँक्रीट ओलं असलं की वाफेने ढलपे उडतात. शिंतोडा लेन्सपुढच्या काचेवर बसला की डाग तापतो आणि काच तडकते. आमच्या भोक पाडायच्या डायमंड बिटला पाणी सोडा, सळई लागली की दाब कमी करा, बिट गुळगुळीत झाला तर खरखरीत विटेत फिरवा. झालं!

सोसायटी सचिव: ‘पाणी सोडा’ म्हणे! तो सिमेंटचा गाळ डक्टमधून पाइपात जाऊन बसतो, तो कोण काढणार? वर चिमणीसाठी सरळ बीमला भोक!

कोअरकटर सिडको: गाळ ओढून घ्यायला व्हॅक्यूम रिंग असते, तिचे पैसे द्यायला तुमचेच सभासद का-कू करतात. आणि भोकाची जागा खडूने दाखवतो कोण? फ्लॅटवालाच ना?

सोसायटी सचिव: तो कुठेही दाखवेल! आधी स्कॅनर फिरवून सळया बघायचं काम तुमचं. टेकूजवळ बीमच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा तुटल्या तर कातर बल, म्हणजे बीमला तिरकं चिरणारा जोर, घ्यायला उरतं काय?

कोअरकटर सिडको: मग इंजिनिअरचं पत्र आणा. पत्राशिवाय बीमला हात लावणार नाही, बस्स.

गारगोटी: भांडून झालं असेल तर सांगतो. लेझरला हादरा नाही, गाळ नाही, त्याचं डोकं प्रकाश नेणाऱ्या फायबरने लांबून चालवता येतं. अणुभट्टीतल्या काँक्रीटचा दूषित वरचा थर उडवायला लेझर वापरून पाहिलाय, तो काही खुळेपणा नव्हे.

अंबडचा फायबरवाला: मान्य, साहेब. नाशिकजवळच्या एकलहऱ्याला कोळशाच्या वीज केंद्राऐवजी अणुभट्टी झाली की पहिलं कोटेशन तुमचं. या लेझरच्या न दिसणाऱ्या प्रकाशासाठीचे १०७० नॅनोमीटरचे गॉगल तेवढे सगळ्यांना आणा, वेल्डिंगचा काळा चष्मा तिथे चालत नाही.