जुन्या खेळाडूला निरोप: कधी सांगायचं, कोणी सांगायचं आणि शेवटचं वर्ष कसं काढायचं?

मधली_फळी

१३ मे २०१२ या एकाच दिवशी इटलीच्या फुटबॉलमध्ये दोन निरोप झाले. तुरिनमध्ये युव्हेंटसच्या देल पिएरोने अटालांटाविरुद्ध गोल केला, ५७व्या मिनिटाला बाहेर आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. इकडे मिलानमध्ये नोव्हाराविरुद्ध मिलान क्लबच्या इन्झागीने विजयी गोल मारला आणि त्याच मोसमाअखेर तो, नेस्ता, गात्तुसो, झांब्रोत्ता, सीडॉर्फ असे सगळे क्लबबाहेर पडले. युव्हेंटसने पुढची लीगही जिंकली. मिलान २०१३-१४ मध्ये आठव्या क्रमांकावर घसरला.

हार, बॅनर, अश्रू हे सगळं घडतंच. मला त्यामागचा व्यवहार समजून घ्यायचा आहे. खेळाडू ३३-३४चा, जूनमध्ये करार संपतोय, पगार संघात सर्वांत मोठा, लोकांचा जीव की प्राण. क्लबने त्याला केव्हा सांगावं आणि कोणी? कागदोपत्री कुठे घोळ होतो?

थ्रोइन

तारीख आधी करार ठरवतो. फिफाच्या बदली नियमावलीच्या १८व्या कलमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने करार करू शकतो. ३० जूनला करार संपत असेल तर १ जानेवारीपासून दार उघडं. म्हणून क्लबचा आतला निर्णय ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवा आणि खेळाडूच्या कानावर तो डिसेंबरच्या आत जायला हवा. जानेवारी उलटला की एजंट बाहेर बोलणी करत असतो, वर्तमानपत्रांत रोज नवी बातमी असते आणि क्लब फक्त खुलासे देत बसतो.

जेरार्डच्या वेळी लिव्हरपूलने हीच चूक केली. २०१४च्या उन्हाळ्यात त्याच्यापुढे नवा प्रस्ताव ठेवलाच नाही. तेव्हा ठेवला असता तर सही केली असती, असं त्यानेच नंतर सांगितलं. २ जानेवारी २०१५ला तो जाणार हे जाहीर झालं. क्लबला तो नको होता असं नाही, नुसतं लांबणीवर टाकल्याने गेला.

सांगायचं कोणी? ज्याने निर्णय घेतला त्याने, समोर बसून. क्रीडा संचालक आणि प्रशिक्षक दोघेही हवेत, म्हणजे नंतर "मी नव्हे, त्याने" असं होत नाही. एजंट दुसऱ्या बैठकीला. पहिल्या बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: मुदतवाढ नाही, उरलेल्या महिन्यांत भूमिका काय, आणि बातमी कोण, कोणत्या दिवशी जाहीर करणार. "बघू", "मोसम कसा जातो त्यावर" ही वाक्यं तोंडातून जाता कामा नयेत. खेळाडू त्यांचा अर्थ "हो" असा लावतो आणि तो तसा लावणारच.

मग क्रम असा: आधी खेळाडू, मग ड्रेसिंग रूम, मग कर्मचारी, मग पत्रक. हे सगळं २४ तासांत उरकायचं. त्याहून जास्त वेळ गेला तर बातमी फुटते.

हिशेबनीस

थ्रोइन यांनी वेळेचं बरोबर सांगितलं. मी कागदांचं सांगतो, कारण खरे भांडणतंटे तिथे होतात.

सामन्यांच्या संख्येवर आपोआप मुदतवाढ देणारं कलम ज्येष्ठ खेळाडूच्या करारात घालू नका. असं कलम असलं की प्रत्येक बदल शंकेच्या नजरेने पाहिला जातो. २०२२ मध्ये ग्रिझमन बार्सिलोनाकडून आत्लेतिकोकडे उसना होता. ठरावीक सामन्यांत ४५ मिनिटांहून जास्त खेळला की ४ कोटी युरो देऊन त्याला विकत घेणं बंधनकारक होतं. मोसमाच्या सुरुवातीला तो सामन्यामागून सामना साठाव्या मिनिटानंतरच मैदानात येत राहिला. शेवटी दोन्ही क्लबांनी रक्कम कमी करून तोडगा काढला, पण मधले दोन महिने संघनिवड वकिलांच्या हातात गेल्यासारखी झाली.

कलमातल्या तारखाही नीट लिहा. बार्सिलोनात मेस्सीला मोसमाअखेर मोकळं होण्याची मुभा होती, पण क्लबच्या म्हणण्याप्रमाणे ती १० जूनच्या आत वापरायची होती. करोनामुळे २०२०चा मोसम ऑगस्टपर्यंत लांबला. त्याने २५ ऑगस्टला बुरोफॅक्स (स्पेनमधली पोहोच असलेली कायदेशीर नोटीस) पाठवला, क्लबने मुदत संपल्याचं सांगत ७० कोटी युरोंचं कलम पुढे केलं, आणि तो मनाविरुद्ध आणखी एक वर्ष राहिला. कॅलेंडरची तारीख घालण्याऐवजी "शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर इतके दिवस" असं लिहायला हवं.

नको असलेल्या खेळाडूला वेगळं सराव करायला लावून कंटाळवून घालवायचं, हा मार्ग तर धरूच नका. करार मोडायला किंवा बदलायला भाग पाडण्यासाठी छळ केला तर फिफाच्या त्याच नियमावलीच्या १४व्या कलमाखाली खेळाडूला करार मोडण्याचं रास्त कारण मिळतं. शिवाय १५वं कलम आहे. प्रस्थापित खेळाडू मोसमात क्लबच्या १० टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत सामन्यांत खेळला, तर शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांत तो करार संपवू शकतो.

आणखी एक मुद्दा, जो चाहतेच काय, काही संचालकही विसरतात. युएफाच्या (युरोपीय फुटबॉल महासंघाच्या) स्पर्धांसाठीच्या २५ जणांच्या यादीत ८ जागा स्थानिक, म्हणजे त्याच देशात घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव असतात, त्यातल्या किमान ४ क्लबमध्येच घडलेल्यांसाठी. १५ ते २१ या वयात तीन वर्षं क्लबकडे नोंद असलेला तो "क्लबमध्ये घडलेला". म्युलर (बायर्न), तोत्ती (रोमा), जेरार्ड या जातीचा खेळाडू गेला आणि अकादमीतून दुसरा तयार नसला, तर ती जागा रिकामीच राहते. यादी २४ची होते. पगार वाचला म्हणून आनंद करण्याआधी हे मोजा.

मधली_फळी

यादीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आभार. मग शेवटच्या वर्षी खेळवायचं किती? बाकावर बसवलं की लोक ओरडतात, खेळवलं तर नवा मुलगा अडतो.

रेजिस्ता

मिनिटं मोजण्याआधी भूमिकेला नाव द्या. "गरज पडेल तेव्हा" ही भूमिका नाही. "कप सामन्यांत सुरुवातीपासून, लीगमध्ये बरोबरी असताना शेवटचा अर्धा तास" ही भूमिका आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये भागधारकांच्या सभेत युव्हेंटसचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांनी देल पिएरोचा हा शेवटचा मोसम असल्याचं सांगून टाकलं. जागा चुकली असं माझं मत. असं जाहीर करताना खेळाडू शेजारी बसलेला हवा. पण त्यामुळे "राहणार की जाणार" हा प्रश्न संपला. प्रशिक्षक कोंतेने त्याला बहुधा बदली म्हणूनच वापरलं, तरी तो उपयोगी राहिला. एप्रिल २०१२ मध्ये लात्सिओविरुद्ध त्याच्या फ्री किकवर सामना जिंकला. ७०५ सामने आणि २९० गोल करून तो गेला, आणि संघ त्या मोसमात लीगमध्ये एकही सामना हरला नाही.

रोमात उलट. फेब्रुवारी २०१६ मध्ये तोत्तीने मुलाखतीत नाराजी बोलून दाखवली, प्रशिक्षक स्पालेत्तींनी त्याला सामन्याआधी घरी पाठवलं. एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्ध ८६व्या मिनिटाला येऊन त्याने तीन मिनिटांत दोन गोल केले आणि संघाने ३-२ असा सामना काढला. आता प्रत्येक सामन्यात प्रेक्षकांना तोच हवा होता. पुढे एक वर्षाची मुदतवाढ झाली, पण भूमिका कोणीच ठरवली नाही. मे २०१७ मध्ये नव्याने आलेल्या क्रीडा संचालकाने पत्रकार परिषदेत हे त्याचं शेवटचं वर्ष असल्याचं सांगितलं. ७८६ सामने खेळलेल्या माणसाबद्दलची बातमी नव्या माणसाकडून! मला हे आजही खटकतं.

सर्वांत नीट उतरण डॉर्टमुंडने मार्को रॉयसची केली. एप्रिल २०२३ मध्ये एकच वर्षाची मुदतवाढ. मोसम सुरू होण्याआधी त्याने कर्णधारपद सोडलं, ते एम्रे चानकडे गेलं. म्हणजे त्याला बाकावर बसवलं तरी कर्णधार बाकावर अशी बातमी होत नव्हती. ३ मे २०२४ला जाण्याचं जाहीर, १८ मेला घरच्या मैदानावर डार्मस्टाटविरुद्ध गोल आणि ४-० विजय. कर्णधारपद आधीच दुसऱ्याकडे जाणं हे कठोर वाटतं, पण तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

डावा_पाय

निरोपाच्या सामन्याबद्दल. घरचा सामना निवडा, आणि ज्यावर काही अवलंबून नाही असा. लेस्टर खालच्या श्रेणीत गेल्याचं नक्की झाल्यावर वार्डीने १८ मे २०२५चा इप्सविचविरुद्धचा घरचा सामना शेवटचा ठरवला: ५००वा सामना, २००वा गोल. बोर्नमथला झालेला मोसमाचा शेवटचा सामना तो खेळलाच नाही. जेरार्डने मात्र घरी १-३ हरल्यावर स्टोकलाही खेळून घेतलं. ६-१ हार, आणि त्याची लिव्हरपूलमधली शेवटची नोंद तीच.

आपल्याकडे उलटं झालं. सुनील छेत्रीने १६ मे २०२४ला जाहीर केलं आणि निरोपाला दिवस ठेवला ६ जूनचा, कुवेतविरुद्धचा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतलं पुढचं गणित त्यावर होतं. मैदानावर भावनांचं ओझं, सामना ०-०, पुढे कतारकडून १-२ हार आणि आपण बाहेर. त्याच्या जागी ९ नंबर (मुख्य गोल करणारा) कोण, हेही तयार नव्हतं. मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं.

मधली_फळी, मिलानबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. म्हातारे गेले म्हणून मिलान पडला नाही. नेस्ता, गात्तुसो गेले त्याच उन्हाळ्यात इब्राहिमोविच आणि थियागो सिल्वाही पॅरिसला विकले. एका वर्षी दोनपेक्षा जास्त जुने आधारस्तंभ काढू नयेत, एवढाच त्यातला धडा.

रेजिस्ता

ते मान्य. पण मिलानचा तिशीनंतर एकच वर्षाचा करार हा नियमही धरा. २०११ मध्ये पिर्लोला तेवढंच देऊ केलं, युव्हेंटसने तीन वर्षं दिली आणि तो सलग चार लीग जिंकला. नियम वयाचा नको, दुखापतींचा आणि धावण्याच्या आकड्यांचा हवा.

थ्रोइन

नंतरच्या नोकरीचं राहिलं. तोत्तीला सहा वर्षांचं संचालकपद दिलं होतं, पण निर्णयात त्याला विचारत नव्हते असं सांगत १७ जून २०१९ला त्याने राजीनामा दिला. पद द्यायचं तर त्याच कागदावर लिहा: कोणत्या बैठकींना हजर राहील, कोणत्या बाबतीत मत बंधनकारक, वरिष्ठ कोण. एवढं लिहिता येत नसेल तर पद देऊ नका, राजदूत म्हणून वर्षाला ठरावीक दिवसांचा साधा करार करा.

हिशेबनीस

इंग्लंडमध्ये गौरव सामना (ज्याचं उत्पन्न खेळाडूला मिळतं) ठेवणार असाल तर तो खेळाडूच्या करारात लिहू नका. स्वतंत्र समितीने भरवलेल्या, करारात नसलेल्या गौरव सामन्याच्या उत्पन्नातले पहिले १ लाख पाउंड एप्रिल २०१७पासून करमुक्त आहेत. करारात शब्द गेला की सगळी रक्कम पगारासारखी धरली जाते.