कारवान कुत्र्याला संध्याकाळी चेंडू खेळवला, गडी धाडकन बसला

औसेकर:
राम राम मंडळी. आमचा वाघ्या कारवान आहे, दोन वर्षांचा. ज्वारी निघाल्यापासून रान मोकळंच, म्हणून रोज पाचला चेंडू फेकतो. काल पंधरा-वीस फेऱ्या झाल्या आन् गडी धाडकन बसला. जीभ हातभर बाहेर, हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटायले. बादलीभर पाणी ओतून ओलं पोतं गुंडाळलं, अर्ध्या तासानं उठला. आई म्हणायली खेळ बंद. पण बांधून ठेवला की रात्रभर रडतो. काय करू?

उदगीरचा दूधवाला:
नशीब थोर तुझं, दादा. पाचला हवा जराशी निवते, पण काळं रान दिवसभर तापलेलं असतं. तळहाताची पालथी बाजू सात सेकंद जमिनीला टेकव. चटका बसला तर खेळ नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, सगळी भिस्त धापेवर. त्यात कारवान शिकारी जात. चेंडू दिसला की पडेपर्यंत पळणार, थांबवायचं आपणच. मी सकाळी धारा झाल्या की आठ-दहा फेका मारतो, मग पाणी, मग सावली. खाऊ घातल्यावर दोन तास तर नाहीच. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडतो.

पोतं मात्र पुन्हा गुंडाळू नको. ते तापतं, वाफ आत कोंडते. साधं पाणी पोटावर, जांघांत ओतत राहा अन् वारा घाल. उठला म्हणून गाफील राहू नको, आजच डॉक्टरला दाखव. मूत्रपिंडाला लागलेली झळ दोन दिवसांनी कळते. 101-102 हा कुत्र्याला ताप नाही, 104 च्या पुढं गेला की पळापळ.

माजलगावची:
उन्हाचं झालं, पण धसकटं? आमच्या मोतीच्या पंजात ज्वारीचं धसकट घुसलं, पंधरा दिवस लंगडला. कुसळ त्याहून वाईट. बोटांच्या बेचक्यात, कानात गेलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. घरी आला की एकेक बोट फाकवून बघा, गोचीडही तेव्हाच सापडतात.
आणि विहीर! कठडा नसेल तर ती आपल्या पाठीमागं ठेवूनच फेका. शेजाऱ्यांचा कुत्रा चेंडूमागं थेट आत गेला होता. दोर बांधून बाज सोडली तेव्हा वर आला.
पळवलंच पाहिजे असंही नाही. भाकरीचे तुकडे लपवा, हुंगून शोधू द्या. दमतो चांगला.

औसेकर:
दाखवून आणलं. ताप 102, रक्त तपासायला दिलंय. विहिरीचं लक्षातच नव्हतं, आमची बांधालाच आहे. भाकर कडब्याच्या पेंढीत लपवली होती. त्यानं चार पेंढ्या उस्कटल्या, आता बाबा ओरडायलेत.