इंजिनाला आधार खालून की वरून?

ऑइल पॅनखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला की गिअरबॉक्स निर्धास्तपणे उतरवता येतो, असे काही जण सुचवतात. त्यात थोडी भर घालतो. आडवे इंजिन असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचे माउंटिंग (त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) हेच इंजिनाच्या आधारांपैकी एक असते, त्यामुळे ते सोडताच इंजिन त्या बाजूला झुकते आणि रेडिएटरचे होज, वायरिंग व एक्झॉस्टचा जोड यांवर ताण येतो. अशा गाडीत मला वरून दिलेला आधारच योग्य वाटतो: बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या भक्कम कडांवर (मडगार्डाच्या पातळ पत्र्यावर नव्हे) आडवा सपोर्ट बार टेकवून त्याची साखळी इंजिनाच्या मूळ लिफ्टिंग हुकांत अडकवावी, म्हणजे खालची जागाही मोकळी राहते.

खालूनच आधार द्यायचा असल्यास ठोकळा रुंद घ्यावा आणि भार पॅनच्या मधोमध न देता कडेजवळ द्यावा, कारण पत्र्याला पोचा पडला तर तळालगतच्या ऑइल पिकअपचा (तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाचा) मार्ग आवळला जातो. ॲल्युमिनियमचा पॅन तर तडकूही शकतो. हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसतो, त्यामुळे गाडी स्वतंत्र स्टँडवरच हवी.

सर्व बोल्ट काढूनही गिअरबॉक्स सुटत नसेल, तर पहारीने उचकटण्याआधी इंजिनाची उंची किंचित बदलून पाहावी. गिअरबॉक्स त्याच्या इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये बसणाऱ्या दांड्यावर) लोंबकळत ठेवल्यास क्लच प्लेट वाकू शकते.