मदत हवी आहे: पाइनच्या मुळांची बुरशी वरून ओळखता येते का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाचा रिमोट सेन्सिंग (उपग्रह, ड्रोनच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) शिकतोय, प्रोजेक्टला त्याने युरोपातल्या पाइनचा हेटरोबेसिडियन (मुळं सडवणारी बुरशी) रोग घेतलाय, म्हणजे झाड कापलं की ताज्या खुंटावर बीजाणू बसतात आणि मग मुळाला मूळ लागून शेजारची झाडं पण जातात. आता शेंडा पिवळा पडेपर्यंत खाली मुळं केव्हाच सडलेली असतात, मग एनडीव्हीआयमध्ये (चित्रावरून झाडांचा हिरवेपणा मोजणारा आकडा) लवकर काय दिसणार, कपाळ! बरं दुष्काळाने, किड्यांनी पण शेंडा तसाच होतो, ते वेगळं कसं काढायचं? रेड-एज (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला प्रकाशपट्टा) किंवा थर्मल (उष्णता टिपणारी चित्रं) वापरलंय का कोणी? आणि डेटा कुठला घ्यावा तेही सांगा, माळव्यात पाइनचं जंगल कुठून आणणार हो!