'करंट लागतो', 'झटका बसतो' की 'हुळहुळतं'? स्थिर विजेच्या त्रासाला नेमकं काय म्हणावं

प्रश्न
मला मज्जातंतूंचं जुनं दुखणं आहे. तळपाय जळजळतात, बोटांना मुंग्या येतात. हवा कोरडी झाली की त्यात आणखी एक भर पडते. दाराची धातूची मूठ धरली, स्वेटर डोक्यावरून काढला, कुणी सहज खांद्यावर हात ठेवला, की चट्‌कन झटका बसतो. तो इतरांनाही बसतो, पण ते हात झटकून कामाला लागतात. माझं बोट मात्र बराच वेळ ठणकत राहतं. अंग आधीच दुखत असेल तर कळ कोपरापर्यंत चढते. डॉक्टरांना 'करंट लागतो' असं सांगितलं, तर त्यांनी घरातलं वायरिंग तपासून घ्यायला सांगितलं. घरी 'विजेचा त्रास होतो' म्हटलं, तर सगळ्यांना वाटलं मी मोबाइलच्या लहरींबद्दल बोलतेय. 'स्थिर विद्युत संवेदनशीलता' हे तर मलाच म्हणवत नाही. मग काय म्हणावं?

प्रतिसाद
ताई, 'करंट' हा शब्द आधी सोडा. मराठीत करंट म्हटलं की तारेतून वाहणारी वीजच डोळ्यांपुढे येते, आणि डॉक्टरांनीही तोच अर्थ घेतला. तुमच्या बाबतीत तारेचा संबंध नाही. दोन पदार्थ एकमेकांना लागून सुटे होतात तेव्हा एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात आणि अंगावर विद्युतभार साचतो. धातू जवळ आला की तो एका क्षणात निघून जातो. म्हणून 'अंगावर भार साचतो आणि धातूला हात लावताना ठिणगी उडते' हे वर्णन अचूक आहे आणि सहज बोलताही येतं.

'स्थिर' हे विशेषण साचलेल्या भाराला शोभतं, चटका बसतो त्या क्षणाला नाही. त्या क्षणी तर वीज धावत असते! त्यासाठी पाठ्यपुस्तकी शब्द 'विसर्जन', पण बोलताना 'ठिणगी' किंवा 'झटका' पुरे.

आकडे ऐकून मात्र घाबरू नका. असा झटका जाणवायलाच साधारण ३,००० व्होल्ट लागतात, आणि कोरड्या हवेत गालिच्यावर चालताना अंगावर १०,००० च्या वरही साचू शकतात. पण शरीराची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, जेमतेम १०० ते २०० पिकोफॅरड असते. १०० धरली, तर १०,००० व्होल्टला ऊर्जा होते ५ मिलिजूल. अवयवाला इजा करायला ती फार थोडी, पण बोटाच्या टोकावर एकाच बिंदूतून जाते म्हणून टोचते.

जाता जाता: अंबर या पिवळ्या राळेला आपल्याकडे 'तृणमणी' असाही शब्द आहे, म्हणजे घासल्यावर गवताची काडी ओढून घेणारा मणी. ग्रीक भाषेत अंबर म्हणजे 'इलेक्ट्रॉन', त्यावरूनच विजेचं नाव पडलं. दोन्हींच्या मुळाशी स्थिर वीजच आहे. मला हा शब्द फार आवडतो.

प्रतिसाद
वरचं पटलं, पण ताईंचा खरा प्रश्न ठिणगी विझल्यानंतरचा आहे. ठिणगी सगळ्यांना सारखीच, ठणका एकट्या त्यांना. तो वेगळ्या शब्दानं सांगितला नाही, तर ऐकणारा 'आम्हालाही बसतो की' म्हणून मोकळा होतो. दीर्घ आजाराच्या माणसाला हे वाक्य किती एकटं पाडतं, ते मी घरात पाहिलं आहे.

वैद्यकात इथे दोन संज्ञा आहेत. एरवी दुखू नये अशा स्पर्शानं दुखणं म्हणजे अ‍ॅलोडिनिया: चादर लागली तरी वेदना. आणि जे थोडं दुखतंच ते प्रमाणाबाहेर दुखणं म्हणजे हायपरअल्जेसिया. ठिणगी सर्वांनाच टोचते, म्हणून तुमचा ठणका दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. मज्जातंतूंच्या विकारात, फायब्रोमायल्जियात (अंगभर दीर्घकाळ दुखत राहणारा आजार), मधुमेहातल्या मज्जाविकारात हे दोन्ही दिसतात. मायग्रेनच्या काळात केस विंचरणंही नको होतं, ते पहिल्या प्रकारात येतं. त्यासाठी आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे: हुळहुळणं. 'कातडी हुळहुळते' म्हटलं की साधा स्पर्शही सोसत नाही हे कुणालाही कळतं. ठिणगीनंतर मागे राहतं त्याला 'ठणका', वर चढते ती 'कळ'.

'संवेदनशीलता' मी टाळेन. हा शब्द स्वभावाकडे ओढतो, आणि ऐकणारा लगेच 'मनाला लावून घेऊ नका' म्हणतो. 'ॲलर्जी'ही नको, इथे प्रतिकारशक्तीचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद
मोबाइलच्या लहरींचा घोळ वेगळा काढायलाच हवा. 'विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता' म्हणतात तिच्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये स्पष्ट केलं होतं की लोकांना होणारा त्रास खरा असतो, पण तो विद्युतचुंबकीय क्षेत्रांमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही. तुमची ठिणगी अंधारात डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते. दोन्ही एकाच नावाखाली गेल्या तर तुमचंही कुणी ऐकणार नाही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आता फाइलमध्ये असं लिहून नेते: 'कोरड्या हवेत धातूला हात लावताना ठिणगी उडते. त्यानंतर बोट बराच वेळ ठणकतं, कळ कोपरापर्यंत जाते. दुखणं वाढलेलं असेल त्या दिवशी कातडी हुळहुळते, कपडाही सोसत नाही.' 'जुनाट आजार' लिहू की 'दीर्घकालीन'? जुनाट म्हटलं की कुणी औषधच केलं नाही असं वाटतं.

प्रतिसाद
'दीर्घकालीन' लिहा, आणि सोबत निदानाचं नाव.

भार कमी करण्याला आमच्याकडे 'उतरवणं' म्हणतात. धातूला बोट लावण्याआधी हातातली किल्ली मुठीत घट्ट धरून तिचं टोक लावा. ठिणगी किल्लीवर उडते, वीज तळहातावर पसरते, टोचत नाही. लाकडाला किंवा भिंतीला आधी तळवा टेकला तर भार हळूहळू उतरतो. गाडीतून उतरताना दाराची धातूची चौकट धरूनच पाय खाली टाका. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवता आली तर बराच फरक पडतो. नायलॉनवर पॉलिएस्टर घालू नका, सुती बरं. कोरड्या त्वचेला मलम लावलं की तिच्यावरचा भारही कमी टिकतो.

प्रतिसाद
एक भर, कारण इथे ऑक्सिजन लावणारेही वाचत असतील. तुमच्यासाठी 'ठिणगी' हा शब्द अक्षरशः घ्या, कारण ऑक्सिजनमुळे आग चटकन भडकते. ऑक्सिजन चालू असताना लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची पांघरुणं नकोत, सुती वापरा. आणि वर सांगितलेलं मलम पेट्रोलियमयुक्त असेल तर चेहऱ्याला लावू नका. मुख्यतः पाण्यापासून बनवलेलं कोणतं मलम चालेल ते ऑक्सिजन पुरवणाऱ्यांना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या.