सीपीयू माडीवर, दुसरं टेबल खाली सोप्यात: लाइन कशी ओढावी?

मलप्रभा_काठ
खानापुरातलं जुनं घर, चिऱ्याच्या दीड फुटी भिंती. सीपीयू माडीवर आहे, खाली सोप्यात दुसरं टेबल टाकायचं आहे. हिशेब आणि नुडीतले (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कन्नड अर्ज सगळे त्याच मशीनवर, म्हणून दुसरा पीसी नको. एका वेळी एकच माणूस बसणार. जिन्याच्या कडेनं सुतळी लावून मोजलं, १४ मीटर भरलं. भिंतीत २० मिमीचा पाइप रिकामा आहे. माडीवरचा मॉनिटर १९२० बाय १०८०, खालचा जुना १३६६ बाय ७६८, त्याला फक्त व्हीजीए. दुकानदार केव्हीएम (कीबोर्ड, मॉनिटर, माउस जोडायचा) स्विच घ्या म्हणतोय. घेऊ का?

तिसरं_गेट
केव्हीएम स्विच घेऊ नका. तो उलट कामाचा आहे: एक टेबल, दोन-चार सीपीयू. तुम्हाला पाहिजे केव्हीएम एक्स्टेंडर, म्हणजे तेच लांब नेणारा, आणि पेटीवर ‘लूप आउट’ लिहिलेलं बघूनच घ्या. दोन डब्या येतात. माडीवरच्या डबीला सीपीयूची एचडीएमआय आणि एक यूएसबी जोडायची, तिच्याच लूप आउटमधून माडीवरचा मॉनिटर. माडीवरचा कीबोर्ड-माउस सीपीयूला आहे तसाच राहू दे. खालच्या डबीला खालचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस. दोन डब्यांत एकच कॅट-६ (नेटवर्कची) केबल. विंडोजला दोन कीबोर्ड चालतात, पॉइंटर मात्र एकच, म्हणून एकानं हात लावला की दुसऱ्यानं थांबायचं.

केबल १८ मीटर घ्या, दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर सैल राहील. तांबं अस्सल पाहिजे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त. क्रिम्प करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) तारा तुटतात आणि पुढं पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधूनच जातं. दोन्ही टोकं ५६८बी क्रमानंच (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम) मारा.

पाइपात एचडीएमआय घालायचा विचार सोडा. २० मिमीच्या पाइपाचं आतलं भोक १६-१७ मिमीच, कनेक्टरचं डोकं त्यात शिरणारच नाही. कॅट-६ नुसती ओढायची आणि टोकं मागाहून मारायची. त्या पाइपात लाइटची वायर घालू नका.

ओढण्याआधी दोन्ही डब्या एकाच टेबलावर मीटरभर केबलीनं जोडून बघा. तिथं चाललं आणि ओढल्यावर बंद पडलं, तर दोष बहुधा केबलीचा किंवा तुमच्या क्रिम्पिंगचा, डबीचा नाही. आणि ही केबल राउटरला लावू नका. साध्या एक्स्टेंडरचा सिग्नल नेटवर्कचा नसतो, काही एक्स्टेंडर त्याच तारांतून वीजही पाठवतात. पोर्ट जळू शकतं.

निपाणी_नाका
वरचं बरोबर आहे, पण खरी अडचण खालच्या मॉनिटरची आहे. एक्स्टेंडर आणि लूप आउट मिळून सीपीयूला एकच पडदा दिसतो. मग एकतर दोन्हीकडे १३६६ जाईल आणि माडीवरची अक्षरं फुटतील, नाहीतर १०८० जाईल आणि जुना मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवेल. त्यात एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणखी एक बिघाडाची जागा. खाली १०८०चा एचडीएमआय मॉनिटर लावा, जुना वापरलेला चालेल. खर्च करायचा तर इथं करा.

एक्स्टेंडर नकोच असेल तर तुकड्यानं जमतं. सीपीयूला दोन आउटपुट असतील तर दुसऱ्यातून चित्र न्या आणि विंडोज+पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. पण १४ मीटरची साधी एचडीएमआय भरवशाची नाही, आणि साधी यूएसबी २.० तर ५ मीटरच्या पुढं नेऊ नये. सिग्नलला वेळ लागतो, ५ व्होल्टही वाटेत उतरतात. नुसत्या कीबोर्ड-माउससाठी यूएसबी कॅट-५ वरून नेणारी छोटी जोडी मिळते, ती या अंतराला पुरते. तिच्यावर पेनड्राइव्ह किंवा प्रिंटरची अपेक्षा धरू नका.

वायरलेस कीबोर्ड नको. माडीची तक्तपोशी आणि चिऱ्याची भिंत मिळून २.४ गिगाहर्ट्‌झचा जीव काढतात.

मलप्रभा_काठ
समजलं, स्विच रद्द. सीपीयू चालू करायला दर वेळी माडी चढावी लागेल का? आणि पावसाळ्यात लाइट गेल्यावर?

तिसरं_गेट
बंद करण्याऐवजी स्लीपमध्ये टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खालच्या कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ या अर्थाची खूण चालू करा. तरी जागा होत नसेल तर बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) ‘ईआरपी’ हे वीजबचतीचं सेटिंग बंद करा, त्यामुळं काही मशीनांत झोपेत यूएसबीला वीजच मिळत नाही.

पूर्ण बंद करायचाच असेल तर मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना समांतर बारीक दोन-तारी वायर जोडून खाली पुश बटण लावा. दाबलं की जुळणारं आणि सोडलं की सुटणारं बटण पाहिजे. त्या पिनांवर व्होल्टेज अगदी कमी असतं, म्हणून घरच्या बेलच्या लाइनीशी तिचा संबंध येऊ देऊ नका.

लाइटचं म्हणाल तर सीपीयूला यूपीएस आहे आणि खालची डबी-मॉनिटर साध्या प्लगवर, असं केलं तर हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) फेज गेला की मशीन चालू आणि पडदा काळा. खालचा प्लगही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असतो, तो ठेवा. साध्या मोडवर बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात डबी रीस्टार्ट होते.

निपाणी_नाका
एक राहिलं. काहीजण रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कनं या सीपीयूत शिरणं) सुचवतील. विंडोज होममध्ये बाहेरून येऊ देणारा भाग नाही, प्रो लागतो. आणि खालून शिरलं की माडीवरचा पडदा लॉक होतो. तुमच्या कामाला वायरच बरी.

केबल घराच्या आतूनच न्या. परसातून उघड्यावर गेली तर मे महिन्यातल्या वळवाच्या विजा दोन्ही टोकांच्या पोर्टांना घातक. तिथं आत तांब्याची तार नसलेली, निव्वळ फायबरची (प्रकाशानं सिग्नल नेणारी) एचडीएमआय वापरावी, तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक सीपीयूकडेच.